ब्रूस ली बुद्रुक, ब्रूस ली खुर्द

मारामारीच्या चित्रपटांचं कोणतं दशक सर्वांत भारी, हा प्रश्न शहरातल्या माणसाला सोपा जातो. तिथे चित्रपट ज्या साली निघतो त्याच साली, फार तर पुढच्या साली लागतो. आमच्या गावात, अवसरी बुद्रुकला, तसं कधी घडलं नाही. ब्रूस ली आमच्याकडे आला तेव्हा त्याला वारून बरीच वर्षं झाली होती. जॅकी चॅनचे प्रौढपणीचे चित्रपट आधी आले आणि तरुणपणीचे नंतर. त्यामुळे तो दर वर्षी लहान होत चाललाय, असा काही मंडळींचा प्रामाणिक समज होता. साठच्या दशकातले हाँगकाँगचे तलवारबाज तर थेट मोबाइलवरच अवतरले. पारावर दशकांचा वाद निघाला की आधी हे ठरवावं लागतं की दशक कोणतं धरायचं, चित्रपट तयार झाल्याचं की गावात पोचल्याचं.

गावाचा हिशेब पोचल्याचा. आणि गावात पहिला पोचला तो तंबू.

उन्हाळ्यातल्या यात्रांमध्ये आंबेगाव-जुन्नरचा कार्यक्रम ठरलेला. दिवसा घाटात बैलगाडे, उतरत्या उन्हात कुस्त्यांचा हगामा, रात्री तमाशा. आणि एका कडेला, जनरेटरच्या धुरात, टुरिंग टॉकीजचा तंबू. ट्रकच्या मागच्या बाजूला प्रोजेक्टर बसवलेला, खाली मातीत प्रेक्षक, मध्ये दोरी बांधून बायका एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे. या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला माहितीपट 2016 साली कान महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याची दखलही घेतली गेली. आम्हाला मात्र तेव्हा त्यात कला वगैरे काही दिसत नव्हती. दिसायचं ते एवढंच की तमाशाला पाठवत नाहीत, म्हणून तंबूत जायचं.

तंबूवाल्याकडची रिळं कधी कधी उलटसुलट लागत. 'द बिग बॉस' (1971) हा ब्रूस लीचा पहिला मोठा चित्रपट. त्यात त्याने आईला वचन दिलेलं असतं की मारामारी करणार नाही. आठवण राहावी म्हणून गळ्यात ताईत. त्या वचनापायी बर्फाच्या कारखान्यात आजूबाजूला मुडदे पडत असताना हा बराच वेळ मुठी आवळून गप्प उभा राहतो. आमच्या यात्रेत रिळं बदलली गेली, आणि ब्रूस लीने आधी सगळ्यांना बडवून काढलं आणि मग आईला दिलेलं वचन पाळत बसला. कोणी तक्रार केली नाही. उलट शेजारची एक आजी म्हणाली, "झाली उपरती पोराला."

भाषेचीही अडचण आली नाही. त्या काळातले हाँगकाँगचे चित्रपट बहुतेक मुके चित्रित व्हायचे आणि आवाज मागाहून भरला जायचा. तोंड एक म्हणतंय आणि आवाज दुसरंच, ही गोष्ट खुद्द हाँगकाँगच्या प्रेक्षकांनाही चुकली नव्हती. आमच्यात एक काका आपणहून भाषांतर करायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण "ह्याच्या गुरूला मारलंय" हे एक वाक्य त्यांना पुरायचं. दहातल्या आठ चित्रपटांना ते लागू पडायचं, आणि उरलेल्या दोनांत गुरूचा भाऊ असायचा.

गणपतीत मोकळ्या मैदानावर पांढरा पडदा बांधून चित्रपट दाखवायचे, तेव्हा पुढची जागा भरली की माणसं पडद्यामागे जाऊन बसत. मागून सगळं उलटं दिसतं. याचा एक दूरगामी परिणाम झाला. ब्रूस ली उभा राहायचा तो उजवा पाय आणि उजवा हात पुढे ठेवून. जोरदार हात मागे राखून ठेवायचा हा मुष्टियोद्ध्यांचा नेहमीचा रिवाज त्याने मुद्दाम मोडला होता. भरवशाचा हात शत्रूच्या जास्तीत जास्त जवळ हवा, हे त्याचं तत्त्व. पुढून पाहणाऱ्यांना ही क्रांती दिसली, पण त्यांनी निष्कर्ष काढला की हा डावखुरा आहे. मागून पाहणाऱ्यांना तो अगदी रिवाजाप्रमाणे उभा असलेला दिसला, म्हणजे त्यांच्यापुरती क्रांती झालीच नाही. गावात अजून या दोन पडद्यांचे दोन पक्ष आहेत.

ब्रूस ली 20 जुलै 1973 रोजी वारला. वय 32. 'एंटर द ड्रॅगन' त्यानंतर पडद्यावर आला. मग हाँगकाँगच्या निर्मात्यांनी काय केलं, तर त्याच्यासारखे दिसणारे तरुण उभे केले. ब्रूस ली गेला आणि ब्रूस लि आला, पाठोपाठ ब्रूस ले आणि ड्रॅगन ली. 1978चा 'गेम ऑफ डेथ' तर त्याच्या अर्धवट राहिलेल्या चित्रीकरणाभोवती तोतये उभे करून पुरा केला. एका दृश्यात आरशात दिसणाऱ्या तोतयाच्या चेहऱ्यावर ब्रूस लीच्या फोटोचं कापलेलं चित्र बसवलंय. खऱ्या अंत्ययात्रेचं चित्रीकरणसुद्धा वापरून टाकलं. जगभरचे रसिक या तोतयांना हसले. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. आमच्याकडे दोन अवसऱ्या आहेत. बुद्रुक ती आमची आणि खुर्द ती शेजारची, जिथे आता सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. पाहुणा एका अवसरीला निघून दुसऱ्या अवसरीत पोचणं ही इथली जुनी रीत. त्यामुळे पोस्टरवरचं नाव नीट वाचून लोक सांगायचे, "हा ब्रूस ली बुद्रुक, तो ब्रूस ली खुर्द." खुर्दकरांनी रागावू नये. त्यांच्याकडे हेच उलट म्हणत असणार.

आता निवाड्याकडे वळतो. आमच्या वादात दोन न्यायाधीश. एक आमचे चुलते, आप्पा. तरुणपणी तालमीत गेलेले, रेवड्यांवरच्या कुस्तीपासून सुरुवात करून हगाम्यात बऱ्यापैकी वरच्या जोडीपर्यंत पोचलेले. दुसरे नाना. ते एका फडात काही वर्षं ढोलकी वाजवून मग शेतीला लागले. आप्पांना चित्रपटात डाव दिसतो, नानांना ताल. दशकांचा सगळा वाद मला तरी अखेर या दोघांमधला वाटत आलाय.

आप्पांचं दशक सत्तरचं. पण ब्रूस लीचं कौतुक त्यांनी एकदम केलं नाही. पहिला शेरा होता, "बैठक कच्ची हाये, नुसता नाचतोय." लाकडी दांडक्यांना साखळी जोडलेलं ते हत्यार पाहून ते म्हणाले, "दोन हातात दोन दांडपट्टे दे म्हणावं, मग बघू." (दांडपट्टा 2024 साली महाराष्ट्राचं राज्यशस्त्र जाहीर झाला, तेव्हा आप्पांनी आपलाच सत्कार झाल्यासारखा चेहरा केला होता.) मत पालटलं ते 'वे ऑफ द ड्रॅगन'मध्ये (1972). रोमच्या कोलोझियममध्ये ब्रूस ली आणि चक नॉरिस यांची झुंज. आधी दोघं शांतपणे अंग मोकळं करतात, मान वळवतात, सांधे कडकडवतात. कोणी कोणावर मागून झडप घालत नाही. बघायला फक्त एक मांजराचं पिल्लू. पहिल्या फेरीत ब्रूस ली मार खातो, मग पवित्रा बदलतो. आणि शेवटी, हरलेला माणूस मेल्यावर, त्याचेच कपडे त्याच्या अंगावर घालून क्षणभर तिथे टेकतो. आप्पा म्हणाले, "ही कुस्ती. बाकीची नुसती हाणामारी." त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या चित्रपटांची विभागणी त्या रात्री पक्की झाली. मांजराच्या पिल्लाला ते अजून पंच म्हणतात.

त्याच दशकातला दुसरा चित्रपट मात्र आप्पांच्या हातून निसटला आणि बायकांनी जिंकला. 'द 36थ चेंबर ऑफ शाओलिन' (1978), दिग्दर्शक लाउ कार-लिअंग, नायक गॉर्डन लिऊ. त्यात मारामारीपेक्षा शिक्षण जास्त. भिक्षू एकेक दालन ओलांडत जातो. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून पलीकडे जायचं, हात आडवे ताठ धरून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, आणि हात खाली आलाच तर दंडाला बांधलेली पाती बरगडीत घुसणार. केबलवर हा लागला तेव्हा आमची काकू पाहत बसली होती. डोक्यावर दोन हंडे, कमरेवर एक कळशी, आणि पाठीला पोर, असं विहिरीवरून चढून आलेली ती पिढी. ती म्हणाली, "एवढ्याला छत्तीस खोल्या कशाला लागतात?" शाओलिनची शिष्यवृत्ती त्या बिचाऱ्या चिनी भिक्षूंऐवजी आमच्या घरात द्यायला हवी होती असं मला तेव्हाही वाटलं.

पोरांवर त्या दशकाचा परिणाम अर्थातच हत्यारातून झाला. पेरूच्या फांदीचे दोन तुकडे आणि सायकलची जुनी चेन, झालं तयार. त्या वर्षी वर्गातल्या निम्म्या मुलांच्या कपाळावर टेंगळं होती आणि ती सगळी स्वतःच्याच हाताने आलेली. नंतर मिथुन चक्रवर्तीचा 'कराटे' (1983) आला आणि तालुक्याच्या गावांत पांढऱ्या पोशाखाचे क्लास निघाले. गॅदरिंगमध्ये हाताने मंगलोरी कौलं फोडायची फॅशन आली. आप्पांचा आक्षेप तांत्रिक होता. "कौल उलटून मारत न्हाई," असं ते म्हणायचे. पुढे कळलं की ब्रूस ली पडद्यावर जवळपास हेच म्हणून गेलाय, फक्त फळीबद्दल. आप्पांना हे सांगितलं, तेव्हा त्याने आपलं वाक्य चोरल्याची त्यांची खात्री पटली.

नानांचं दशक ऐंशीचं, आणि माझं मत नानांच्या बाजूला झुकतं हे आधीच सांगून टाकतो.

जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन ब्याओ ही तिघं हाँगकाँगला यू जिम-युएन नावाच्या मास्तरांच्या शाळेत वाढली. शाळा कराटेची नव्हे, पेकिंग ऑपेराची. जॅकी सातव्या वर्षी तिथे दाखल झाला आणि पुढची दहा वर्षं पहाटेपासून कोलांट्या, गाणं, तोंडाला रंग, तलवारीचे हात, आणि चुकलं की छडी. नानांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही. "म्हणजे फडातलं पोर," ते म्हणाले. पलीकडेच नारायणगाव आहे. पाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. विठाबाईंचं नारायणगाव ते. वगातली ढाल-तलवार नानांनी आयुष्यभर ढोलकीवर सांभाळलेली. तलवार ढालीवर पडते त्या क्षणी थाप पडली पाहिजे. अर्धा श्वास उशीर झाला की राजा मेला तरी लोक हसतात.

म्हणून जॅकी चॅन त्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळला. "हा नायक न्हाई, सोंगाड्या हाये. फक्त मार खायला शिकलाय." याहून नेमकं मी कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही. ब्रूस ली मारतो तेव्हा समोरचा पडतो. जॅकी मारतो तेव्हा आधी त्याचाच हात दुखतो, तो हात झटकतो, फुंकर घालतो, आणि मग दुसऱ्या हाताने मारतो. स्टूल, छत्री, सायकल, शिडी, जे हाताला येईल ते हत्यार. शेतकरी माणसाला हे फार पटतं. कोणाच्या बांधावर भांडण झालं तर तिथे हत्यार आणायला कोण घरी जातो?

'प्रोजेक्ट ए' (1983) मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छपरं फाडत खाली येतो. 'पोलीस स्टोरी' (1985) मध्ये दुकानांच्या इमारतीत वरच्या मजल्यावरून खांबाला धरून, त्यावर गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा फोडत घसरतो आणि तळहात भाजून घेतो. पुढच्याच वर्षी 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी झाडावरून पडून त्याची कवटी फुटली. आणि चित्रपट संपताना नावांबरोबर ते सगळे फसलेले प्रयत्न दाखवायचे, स्ट्रेचर वगैरेसह. तंबूतली माणसं एरवी नावं सुरू झाली की चपला शोधायला लागत. जॅकीच्या चित्रपटाला मात्र कोणी उठायचं नाही. फुकटात मिळालेला तो दुसरा चित्रपट होता, आणि बऱ्याचदा पहिल्यापेक्षा खरा. आप्पा त्या भागात मान डोलवायचे. पडलेल्या माणसाबद्दल पैलवानाला आदर असतो. पण दशक द्यायला ते तयार नव्हते. "पडला हे खरं. पण चितपट कोण झालं ते कळत न्हाई."

नानांची एक शंका मी सोडवू शकलो नाही. 'स्नेक इन द ईगल्स शॅडो'मध्ये (1978) जॅकी मांजर आणि नागाची लढत बघून नवा डाव शोधतो. नाना म्हणाले, "मुंगूस का न्हाई?" शाओलिनच्या परंपरेत पाच प्राणी मानतात. वाघ, करकोचा, साप, ड्रॅगन आणि बिबट्या. शेवटच्या नावावर पारावर एकदम शांतता पसरली. डिंभ्याच्या धरणाचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि उसात बिबट्या राहायला आला, त्याला आता पिढ्या झाल्या, त्याच्याही आणि आमच्याही. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. पण रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्या कोणाही माणसाने अजून थांबून त्याची शैली शिकून घेतलेली नाही. चिनी लोक धीराचे, एवढंच म्हणता येईल.

नव्वदचं दशक केबलबरोबर आलं आणि त्याच्याबद्दल दोन्ही न्यायाधीशांचं एकमत झालं, ही दुर्मीळ घटना. जेट लीचा 'वन्स अपॉन अ टाइम इन चायना' (1991) तसा डोळ्यांना सुंदर. गोदामात बांबूच्या शिड्यांवरची ती लढाई मी कितीदाही पाहीन. पण आमच्यापुरती तारा बांधून माणसं हवेत जायला लागली ती तिथून, आणि 2000च्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'पर्यंत ती बांबूच्या शेंड्यांवर जाऊन उभी राहिली. त्याला चार ऑस्कर मिळाले. आमच्या गावात मिळाले नसते. तालमीत कोनाड्यात मारुती आहे. आप्पांचं म्हणणं, "उडायचं ते त्यानं. बाकीच्यांनी मातीत राहावं." नानांना अडचण निराळी होती. पाय जमिनीवर आपटलाच नाही तर थाप कुठे द्यायची?

इथे आजोबांचं मत नोंदवायला हवं, नाहीतर ते रागावतील, आता हयात नसले तरी. पुण्याला माल घेऊन जायचे तेव्हा त्यांनी मास्टर विठ्ठलचे मूकपट पाहिले होते आणि त्यांच्या मते सगळं तिथेच संपलं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या कंपनीतून वर आलेला हा माणूस. पडद्यावर पहिल्यांदा आला तो नर्तिकेच्या वेषात, 'कल्याण खजिना'मध्ये (1924). पुढे तलवारबाजीचा असा नायक झाला की लोक त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. शारदा कंपनीशी केलेल्या करारावरून त्याच्यावर खटला झाला, तेव्हा त्याचे वकील होते बॅरिस्टर जिना. 'आलम आरा' (1931) या पहिल्या बोलपटाचा नायक तोच, पण हिंदुस्तानी उच्चार जमेनात, म्हणून त्याला त्यात फारसं बोलायलाच दिलं नाही. लढवय्याला बोलता येत नाही ही परंपरा जुनी आहे. नाना मात्र दुसरीच गोष्ट उचलून धरतात. "बघा, तोबी नाचातनंच आलाय." यावर आप्पांकडे उत्तर नाही. ते दारासिंगकडे वळतात. 'किंगकाँग' (1962), 'सॅमसन' (1964), आणि ते सगळे पिळदार चित्रपट ज्यांत नायक गाणं संपायची वाट बघत उभा असे. दारासिंगला अभिनय येत नव्हता हे आप्पा मान्य करतात. "पण खोटा पडतबी नव्हता."

सीडीच्या काळातला एकच चित्रपट आमच्याकडे घरोघर फिरला, थायलंडचा 'ओंग-बाक' (2003). खेड्यातल्या देवाच्या मूर्तीचं मुंडकं चोरीला जातं, आणि टोनी जा नावाचा पोरगा ते परत आणायला शहरात जातो. तारा नाहीत, संगणकाची करामत नाही. एकेक फटका तीन-तीन बाजूंनी दाखवतात. "आम्हाला एकदा बघून कळलं असतं," इति आप्पा. पण गोष्ट सगळ्यांना काळजापर्यंत कळली. गावाने वर्गणी काढून देवासाठी माणूस पाठवायचा, आणि त्याने शहरात जाऊन गुडघ्याने प्रश्न सोडवायचे, यात परदेशी असं काय आहे?

आता माझा भाचा. तो खुर्दच्या कॉलेजात शिकलाय आणि त्याचं दशक चालू आहे, म्हणजे 2010च्या पुढचं. परवा त्याने पारावर मोबाइल उभा केला आणि 'द रेड' (2011) लावला. इंडोनेशियाची पेंचाक सिलाट ही युद्धकला, दिग्दर्शक वेल्सचा, एक उंच इमारत, आणि पहिल्या मजल्यापासून वरपर्यंत नुसती कापाकापी. एवढ्या वेगाची की डोळा मिटला की दोन माणसं कमी झालेली असतात. मी जरा नाक मुरडलं. अशा मारामारीत श्वास घ्यायला जागा नसते, आणि जागा नसली की बाजूच्याला कोपर मारून "बघितलं का" म्हणता येत नाही. माझ्या मते मारामारीच्या चित्रपटातलं निम्मं सुख त्या कोपरात असतं.

आप्पा मात्र चष्मा पुसून पुढे सरकले. "परत लाव. हळू करून." भाच्याने वेग निम्मा केला. जिन्याजवळ कोणीतरी कोणाला कमरेवर घेऊन फेकत होतं. आप्पांनी थांबायला सांगितलं, बोट पडद्यावर टेकवलं, त्यामुळे चित्र दहा सेकंद पुढे पळालं, ते परत मागे आणलं. "ही ढाक," ते म्हणाले. "हात धरल्याची जागा बघ. वस्ताद आसंच शिकवायचे." मग आणखी एक सापडली, आणि एक कलाजंगासारखी. त्या इंडोनेशियन पोराची बैठक पक्की ठरली. तासाभरात आप्पांनी सत्तरचं दशक सोडून भाच्याच्या दशकात मुक्काम हलवला होता आणि हे पक्षांतर भाच्याला पचत नव्हतं.

नाना इतका वेळ तंबाखू मळत बसले होते.

"सगळं खरं," ते म्हणाले, "पण ह्यात सोंगाड्या कुठाय?"

भाच्याने खूप शोधलं. पंधराव्या मजल्यापर्यंत गेला. मग मुकाट्याने 'पोलीस स्टोरी' लावला, आणि आप्पा म्हणाले की आधी जेवून घेऊ, नानांचा निकाल लांबतो.